महागडा ढेकर

“थांबलं, कॅप्टन साहेब,” रोडेल म्हणाला. “एकदम थांबलं. आता काहीच दुखत नाही.”

तो जहाजावरच्या दवाखान्यातल्या खाटेवर उठून बसला होता आणि हसत होता. आचाऱ्याने पाठवलेली आल्याची पेज त्याने कॅप्टन पांडेलीसांच्या डोळ्यांदेखत चमचा चमचा करून संपवली. सकाळी हाच फिलिपिनो फिटर इंजिनाच्या जिन्याखाली पोट धरून, अंगाचं मुटकुळं करून पडलेला सापडला होता. उजव्या बाजूला बोटसुद्धा लावू देत नव्हता.

पांडेलीसांच्या जिवात जीव आला. त्यांचा विश्वास बसला होता असं नाही, पण विश्वास ठेवायला ते एका पायावर तयार होते. सकाळपासून भीतीने त्यांच्याही पोटात गोळा उठला होता, आणि त्याला औषधांच्या पेटीत गोळी नव्हती. मक्याने भरलेलं जहाज अटलांटिकच्या मध्यावरून स्पेनला चाललं होतं. सगळ्यात जवळची जमीन म्हणजे अझोर्सची बेटं. तीही वाटेवर नव्हती, पार उत्तरेला, दिवसभराच्या अंतरावर. तिकडे वळायचं म्हणजे ग्रीसमध्ये, पिरेअसला बसलेल्या मालकाला तोंड द्यायचं.

मालकाला सगळेच कॅप्टन टरकून होते. गेल्या वर्षी कॅप्टन लेफ्तेरिसने एका खलाशासाठी असंच जहाज वळवलं. तो खलाशी बंदरात उतरला, धक्क्यावर उभं राहून त्याने एक लांबलचक ढेकर दिला आणि खडखडीत बरा झाला. मालकाने मग सगळ्या कॅप्टनांना बसवून खर्च ऐकवला. वाया गेलेला दिवस, जळलेलं तेल, बंदराचं भाडं, इस्पितळाचं बिल. “आजारी माणूस घरी पाठवायचा तर विमानाची दोन तिकिटं लागतात,” तो म्हणाला. “एक त्याचं आणि एक त्याच्या जागी येणाऱ्याचं. एवढं सगळं भरून मला मिळालं काय? एक ढेकर.” लेफ्तेरिसला पुन्हा जहाज मिळालं नाही. पिरेअसच्या कॉफीच्या दुकानांत त्याला अजून कॅप्टन ढेकर म्हणतात आणि तो तिथे जायचा बंद झाला आहे. पांडेलीसही साठीला टेकले होते. या वयात हातचं जहाज गेलं की दुसरं कुणी देत नाही.

एक गोष्ट मालक कधी बोलला नाही, पण ती सगळ्यांना ठाऊक होती. मेलेल्या माणसासाठी जहाज वळवावं लागत नाही. तो शीतघरात पडून पुढच्या बंदरापर्यंत निमूट येतो. सकाळपासून पांडेलीस शीतघराच्या दारावरून जायचं टाळत होते.

सकाळी त्यांनी अथेन्सच्या इस्पितळातल्या डॉक्टरीण बाईंना फोन केला होता. बाई म्हणाल्या होत्या, अपेंडिक्स असेल, नसेलही. लक्ष ठेवा, जहाज वळवायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा. आता ही आनंदाची बातमी सांगायला त्यांनी तिथूनच पुन्हा फोन लावला.

“थांबलं?” बाईंनी विचारलं. “हळूहळू की एकदम?”

“एकदम.”

“ताप?”

पांडेलीसांनी रोडेलच्या कपाळावर हात ठेवला. “आहे. भाजतंय.”

“कॅप्टन, आता ठरवायचं तुमच्याकडे राहिलं नाही. अपेंडिक्स फुटलं की दुखणं असंच अचानक थांबतं. थोडा वेळ बरं वाटतं, मग माणूस हाती लागत नाही. मालकाला माझं नाव सांगा. आत्ता वळवा. वाटेत हेलिकॉप्टर घ्यायला येईल.”

पांडेलीसांनी वर सुकाणूवाल्याला हुकूम दिला. पायाखालची फरशी हळूच कलली, पेजेचा रिकामा वाडगा टेबलावरून घसरत गेला. रोडेलला ग्रीक कळत नव्हतं, पण वळलेलं जहाज खलाशाच्या पायांना कळतं.

“साहेब, कुठे चाललोय?”

“तुला उतरवायला. दुखायचं थांबलं म्हणजे आत फुटलंय, म्हणतायत बाई.”

रोडेलचं हसू मावळलं. पेज तोंडाशी आली होती, ती त्याने कशीबशी गिळली. “नाही फुटलं, साहेब. मी खोटं बोललो. दुखतंय. सकाळपेक्षा जास्त दुखतंय.” त्याने पांडेलीसांची बाही धरली. “आजारी म्हणून परत आलेल्याला मनिलाचा भरतीचा एजंट पुन्हा दारात उभं करत नाही. माझ्या भावाला नाही केलं. दुखतंय म्हणजे फुटलेलं नाही ना? मग वळवू नका साहेब. पाया पडतो.”

पांडेलीस खाटेच्या कडेला बसले. पोटातला गोळा परत जागेवर आला. हे खरं बाईंना कळवलं, तर त्या पुन्हा म्हणणार, तुमचं तुम्ही ठरवा. आणि मग आपण काय ठरवू, हे पांडेलीसांना पक्कं माहीत होतं. स्वतःची तेवढी ओळख त्यांना होती.

फोन वाजला. पिरेअसमध्ये मालकाच्या पडद्यावर जहाज वळलेलं दिसलं होतं.

रोडेल कळवळून कण्हला. पांडेलीसांनी खुंटीवरचा टॉवेल ओढून त्याच्या हातात कोंबला. “दातांत धर. आवाज काढू नकोस.”

त्याने टॉवेल चावला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पांडेलीसांनी फोन उचलला.

“पांडेलीस, उत्तरेला कुठे निघालास?” मालक म्हणाला. “दुखतंय का कुणाच्या पोटात? आणखी एक ढेकर?”

पांडेलीसांनी एक नजर रोडेलकडे टाकली.

“नाही मालक,” ते म्हणाले. “अजिबात दुखत नाही त्याला. म्हणूनच वळवलंय.”