बाद फोटो

लग्नाच्या फोटोत कुणाचे डोळे मिटलेले दिसले, की तो फोटो बाद. फलटणच्या तावरे तात्यांनी आपल्या स्टुडिओत तीस वर्षं हा नियम पाळला होता. त्यामुळे पाचगणीजवळच्या माळावर भरलेल्या ब्लूज या अमेरिकी विरहगीतांच्या तीन दिवसांच्या महोत्सवात फोटो काढताना ते पहिल्याच दुपारी वैतागले. इथं जो गायला येई तो सूर लांबवला की डोळे मिटून घेई! दोन दिवसांत त्यांनी दीडशे फोटो पुसून टाकले.

तिसऱ्या दिवशी त्यांची लेक ऋता गाणार होती.

"गाताना डोळे उघडे ठेव हं," त्यांनी बजावलं.

"ते माझ्या हातात नसतं हो, तात्या!"

ऋताच्या आईला, मालतीबाईंना, तर हे गाणंच पटत नव्हतं. "मेलं सगळं रडगाणं," म्हणत त्या गवतावर सतरंजी टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या.

ऋतानं पहिलीच ओळ लांबवली आणि डोळे मिटले. झालं! तात्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि तक्रार करायला ते बायकोकडे वळले.

मालतीबाईंचेही डोळे मिटलेले होते. मान लेकीसारखीच डावीकडे कललेली, बोटांत अर्धी सोललेली शेंग तशीच.

तात्यांनी हळूच फोटो घेतला. एकच.

आता तो मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलाय.

"तात्या, वहिनींचे डोळे मिटलेत की यात!" गिऱ्हाइकं हटकून सांगतात.

"मिटणारच," तात्या म्हणतात. "लेक गात होती."