अंतरमापक

चहा घेऊन दिनकररावांनी मऊ फडक्याने भिंग पुसले आणि लेसरचे अंतरमापक गच्चीवरच्या तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवले.

सैन्यात त्यांचा मुलगा सुहास याच यंत्रातून तोफांना अंतर सांगायचा. एकदा गोळा आपल्याच चौकीवर पडला, चौकशीत चूक त्याची ठरली, आणि कलंक घेऊनच तो गेला. क्रमांक जुळवून दिनकररावांनी लष्करी भंगारातून तेच यंत्र मिळवले. वीजजोडणी दुरुस्त केली. मोजणीच्या भागाला मुद्दाम हात लावला नाही.

मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंतचे अंतर त्यांनी पत्नीसोबत टेपने मोजले होते. बटण दाबताच बरोबर तोच आकडा आला. पुन्हा दाबले, तोच.

"अहो, सापडला का यंत्राचा दोष?" पत्नीने जिन्यातूनच विचारले. "माझं पोर चुकणारं नव्हतं."

त्यांनी झाकण उघडून मोजणीचा स्क्रू अर्धा फिरवला आणि तिला जागा करून दिली.

"तूच बघ," ते म्हणाले. "टाकी केवढी जवळ दाखवतंय."