रिकामी झालेली जागा

लेक तापाने गेल्यानंतर विसाव्या दिवशी उद्यानाची व्यवस्थापक पुन्हा कामावर आली. कारंज्याची मोटर बंद होती, बाकांना रंग लावायचा होता आणि सोमवारपासून मुलांचं स्केटिंग शिबिर होतं. यादीत तीस नावं होती. सातवं तिच्या लेकीचं. कारकूनबाई चाचरत म्हणाल्या, "ताई, ते मी बघते." "असू दे," म्हणत तिने पट्टी धरून ते नाव सरळ रेघेत खोडलं आणि प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलीच्या आईला फोन लावला. "एक जागा रिकामी झालीय." "अगं बाई! पोरगी नाचेल नुसती!" पलीकडे हसू फुटलं. "पण ऐनवेळी कशी काय हो?" "एकीचं येणं रद्द झालं," तिने सांगितलं. "पोरीकडे स्केट्स नाहीत पण." "नंबर किती?" "चार." गाडीच्या डिकीत लेकीचे स्केट्स अजून तसेच होते. "आहेत माझ्याकडे," ती म्हणाली, "फार वापरलेले नाहीत."