चारूचा फोन

पाच वर्षांपूर्वी दिगंबरराव वारल्यावर त्यांचं मन एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलं होतं. कुमुदिनीबाई रोज त्यांच्याशी बोलत. डिस्क कुरकुरू लागली म्हणून बाईंनी नवी प्रत करून घेतली. पण जुनी बंद पडली आणि नवी सुरूच होईना.

"डिस्क सुरू करणारं बूट रेकॉर्ड बिघडलंय, मावशी," दुरुस्तीच्या दुकानातली शाहीन म्हणाली. "नीट करते, पण शाबूत नोंदी चार वर्षांपूर्वीच्या मार्चपर्यंतच्याच आहेत, काका तिथूनच सुरू होतील. नंतरचं त्यांना काही आठवणार नाही."

त्याच एप्रिलमध्ये त्यांची लेक चारुशीला अपघातात गेली होती. ते ऐकून सावरायला दिगंबररावांना वर्ष लागलं होतं. तरी बाईंनी मान डोलावली.

थोड्या वेळाने स्पीकरमधून प्रसन्न आवाज आला, "कुमुद, चारूचा फोन आला का गं?"

"नाही आला," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची जवळ ओढून ती बातमी त्यांना दुसऱ्यांदा सांगायला बसल्या.