न सांगता

ती हेलिकॉप्टर शिकत होती तेव्हा तिची लेक आठ महिन्यांची होती. हवेत इंजिन बंद पडलं तर कसं उतरायचं, हे सगळ्यांनाच शिकावं लागतं. पण इतरांना आधी सांगून इंजिन बंद करणारे सर तिच्या वेळी मुद्दाम न सांगताच ते बंद करायचे. तिच्या डोळ्यांसमोर लेकीचं जावळ यायचं, आणि शेजारी सर खो खो हसायचे.
"अगं बाई, इंजिन काय सांगून बंद पडतं होय? झेपत नसेल तर घरी जाऊन पाळणा हलव."

लेक आता शाळेत जाते आणि आई परीक्षक झालीय. आज स्वतःचं लायसन्स टिकवायच्या परीक्षेला तेच सर तिच्या शेजारी बसले होते. तासभर ती गोड बोलत राहिली. तिचा हात जरा हलला की सर अंग चोरायचे. इंजिन तिने बंद केलंच नाही. उतरले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"झालो ना पास, मॅडम?"



"इंजिनाचं राहिलंच की, सर. सोमवारी पुन्हा उडू, तोवर निवांत झोपा. आणि कधी बंद करेन ते विचारू नका हं. इंजिन काय सांगून बंद पडतं होय?"