खजिन्याचे डबे

हिवाळ्यापुरती कचेरी ग्वाल्हेरला हलली, तिच्याबरोबर हेही गेले आणि घर माझं एकटीचं झालं. या संक्रांतीला नुसतं हळदीकुंकू करायचं नाही, मैत्रिणींना खजिना शोधायला लावायचा, असं मी ठरवलं. आमच्या रामबागेच्या वस्तीत कुणीच केलं नसेल असं काही! कोडी रचून चिठ्ठ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांत लपवल्या, आणि खजिना म्हणून गजकचा, तीळ-गुळाच्या खुसखुशीत वड्यांचा, पुडा पिंपामागे.

पहिलीच चिठ्ठी काढताना कुमुदिनीबाई ओरडल्या, "अय्या, हा तर माझा डबा! दिवाळीत अनारसे पाठवले होते!" मग द्वारकाबाईंना त्यांचा सापडला, सुमनवहिनींना त्यांचा. गजकची कुणी चौकशीसुद्धा केली नाही.

"क्यों जी, ठेवूनच घेतलेत?" द्वारकाबाईंनी मला विचारलं.

"अहो, रिकामा डबा परत कसा पाठवायचा? माझ्या हातचं काही चांगलं जमलं, की भरून देणार होते."

"मग हो गया! जन्मभर इथंच राहिले असते," सुमनवहिनी म्हणाल्या. सगळ्या आपापला डबा काखोटीला मारून हसत निघाल्या.

 

मी दारातून ओरडले, "रिकामे नाही दिले हं! आत चिठ्ठी आहे."