नको म्हणायचं नसतं

तापाने फणफणलेल्या चंद्रकलेला उत्तमने चहा करून दिला. तिने तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मग त्याने आपला कप तोंडाला लावला आणि थुंकलाच. साखरेऐवजी मीठ पडलं होतं.

"अगं, असला चहा प्यायलीस कशी? नको म्हणायचंस ना!"

"दिलेलं नको म्हणायचं नसतं," ती सहज म्हणाली. "तिथे नको म्हटलं की घरवाली चटके द्यायची."

पंधराव्या वर्षी मामीने तिला कामाच्या नावाखाली शहरात नेऊन कोठ्याच्या मालकिणीला, त्या घरवालीला विकलं होतं. आठ वर्षांनी पोलिसांनी सोडवून तिला निराधार बायकांच्या संस्थेत ठेवलं. सारं माहीत असूनही उत्तमने तिच्याशी लग्न केलं, त्याला आता सहा वर्षं झाली होती.

तो स्वतःला भला माणूस समजायचा. बायकोला हात लावण्याआधी दर वेळी विचारायचा, "चालेल ना?" ती "हो" म्हणायची. सहा वर्षांत एकदाही नकार आला नव्हता.

त्याने कप खाली ठेवला. "चंद्रे, मी विचारायचो... तेव्हाही असंच?"

तिने नजर खाली वळवली. म्हणाली, "तुम्ही कधी मारलं नाही हो."

उत्तम उठला. आपली वळकटी त्याने बाहेरच्या खोलीत नेऊन टाकली. मागे वळला, तर चंद्रकला भिंत धरून दारात उभी होती.

"माझं काय चुकलं?" तिने विचारलं. "मला परत पाठवू नका."